चार मुक्कामांची केळी

माझ्या थोरल्या भावाने हिमालयातल्या पायी प्रवासाची आखणी शेवटच्या मुक्कामापासून सुरू केली. केळी पिकवणारा माणूस कोणतंही काम असंच आखतो. माल बाजारात कधी पिवळा दिसायला हवा ते आधी ठरतं, मग तिथून मागे मोजत यायचं: ट्रक कधी भरायचा, चेंबरमध्ये पिकवायचा गॅस कधी सोडायचा, शेतातून घड कधी कापायचा. बुऱ्हाणपुरात या धंद्यातली माणसं लग्नाची तयारीसुद्धा अशी उलटी मोजतात. दादाने आधी फुरकिया हे नाव सांगितलं, मग द्वाली, मग खाती, मग धाकुडी. कुमाऊंमधल्या पिंडारी हिमनदीच्या वाटेवरचे हे चार मुक्काम. प्रत्येक ठिकाणी सरकारी विश्रामगृह आहे. दगडी भिंती, पत्र्याचं छप्पर, लाकडी खाटा आणि एक चौकीदार. सकाळी एका घरातून निघायचं, दुपारनंतर दुसऱ्या घरात पोचायचं.

"तंबू नको, काही नको," दादा म्हणाला. "डोक्यावर छप्पर, दरवाज्याला कडी. आपल्यासारख्याला बस झालं."

हे बोलणं चेंबरच्या ऑफिसात झालं, हिवाळ्यात. ऐकायला मी आणि वहिनी होतो. चेंबर म्हणजे केळी पिकवण्याच्या बंद, थंड खोल्या. दादा-वहिनींच्या अशा चार खोल्या जसोंडीच्या रस्त्याला आहेत. बाहेरचं काम दादाचं होतं: शेतकरी, मंडीतला लिलाव, ट्रक. आतलं वहिनींचं: तापमान, गॅस, सालीचा रंग. त्यांना मूलबाळ नाही. मी इंदूरच्या एका हिंदी दैनिकात डेस्कवर नोकरी करून परत आले होते आणि शनवारा पेठेत त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहत होते.

दादा तरुणपणी केळीच्या ट्रकबरोबर एकदा उत्तरेला गेला होता. हिमालयाच्या पायथ्याशी, तराईतल्या एका ढाब्यावरून सकाळी त्याला आकाशात पांढरी रेघ दिसली. ड्रायव्हर म्हणाला, ढग आहेत. चहावाला म्हणाला, बर्फ आहे. दोघांचा वाद संपायच्या आत ट्रक निघाला. या गोष्टीचा उल्लेख दादाने नंतर क्वचितच केला, पण पन्नाशी उलटल्यावर त्याने नकाशे पाहायला सुरुवात केली. त्या फाल्गुनात त्याने दोघांचं, म्हणजे स्वतःचं आणि वहिनींचं, बुकिंग करून टाकलं. जायचं नवरात्रानंतर. दिवाळीच्या आधी परत यायचं, कारण दिवाळीनंतर लगेच छठ असते. छठला उत्तरेत केळीचे घडच्या घड पूजेला लागतात, आणि आमच्याकडच्या चेंबरवाल्यांची वर्षातली सगळ्यात मोठी भरती तीच.

आखणीत केळी होतीच. दादाचं म्हणणं होतं की बुऱ्हाणपूरचा माणूस बाहेरचं केळं खात नाही, आणि डोंगरात तर केळंच मिळणार नाही. म्हणून एकच घड घ्यायचा, कच्चा, गॅस न लावलेला. घडाची वरची फणी आधी भरते, खालची उशिरा. वरची फणी पहिल्या मुक्कामाला पिवळी होईल, तिच्या खालची दुसऱ्या, असं करत सगळ्यात हिरवी फणी फुरकियाला पिकेल. चार मुक्काम, चार फण्या. प्रत्येक ठिकाणी खोलीत पोचलं की कागदातून काढायची, दार लावून घ्यायचं.

"अन् नाही पिकली तर?" मी विचारलं.

"तू बातम्या बघ," दादा म्हणाला. "केळी मी बघतो."

चालण्याचा सराव म्हणून ते दोघे सुटीच्या दिवशी आशीरगड चढायला जाऊ लागले. दादाने दोघांसाठी जाड तळाचे बूट आणले आणि वहिनींना ते चेंबरमध्ये वापरायला सांगितले, म्हणजे चामडं सैल होईल. ओल्या फरशीवर बूट वाजत. चेंबरमधले मजूर वहिनींना फौजी भाभी म्हणू लागले.

वैशाखात मंडीत लिलाव चालू असताना दादा एका उलट्या क्रेटवर बसला आणि पुन्हा उठला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. माझ्या जुन्या दैनिकाच्या इथल्या कार्यालयातून माझ्याकडे बातमी मागितली गेली आणि मी लिहून दिली: नाव, वय, व्यवसाय, अंत्ययात्रेची वेळ, मागे कोण. शेवटी त्याच्या डोंगराच्या बुकिंगचं एक वाक्य होतं, ते डेस्कने कापलं. ते कापायला हवंच होतं.

घरी आलेल्या बायका मला बाजूला घेऊन विचारत, "रडली का ती?" मी नाही म्हणत असे. वहिनी रडल्या नाहीत, बोलल्याही नाहीत. विचारलं तर हो किंवा नाही एवढं उत्तर देत. दिवस झाल्यानंतर त्या चेंबरवर गेल्या. बूट घालूनच गेल्या. मजुरांनी फौजी भाभी म्हणणं बंद केलं होतं.

मी त्यांच्याबरोबर जाऊन ऑफिसात बसत असे. करायला काही नव्हतं म्हणून पाहत असे. वहिनी चारही खोल्यांत जाऊन येत, पण कुठल्याही खोलीचं बटण फिरवत नसत. प्रत्येक खोलीचं तापमान दादाने शेवटच्या दिवशी जे लावलं होतं तेच होतं. उन्हाळ्यात माल शेतातून तापून येतो, म्हणून खोली जास्त थंड ठेवावी लागते. पाऊस पडायला लागला की आकडा वर घ्यायचा असतो, हे मलासुद्धा माहीत होतं. वैशाखातला आकडा भाद्रपदातही तसाच होता. माल पिकायला उशीर लागू लागला, देठाशी हिरवा राहून निघू लागला. एका व्यापाऱ्याने फोन करून सांगितलं की असा माल पुन्हा आला तर तो दुसरीकडून घेईल.

ही गोष्ट धाकट्या भावाच्या कानावर गेली. त्याचं बुधवारा पेठेत ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. आमच्या चेंबरचा माल त्याच्याच ट्रकांनी जातो. तो एका सकाळी घरी आला, चहा घेतला, आणि सरळ विषयावर आला.

"वहिनी, किती दिवस चालणार असं? माल फेल जाऊन राहिला. मंडीत बोली लावायला तुम्ही उभ्या राहणार का? सगळे गडी तिथे, शिव्या काय, पान काय. मी बघतो ना चेंबर. तुम्ही घरी आराम करा. तुमचं जे असेल ते घरपोच येईल."

वहिनी म्हणाल्या, "सांगते."

"कधी? छठचा माल भरायचा का नाही ते मला दिवाळीआधी कळायला पाहिजे. नाहीतर मी माझ्या नावावर भरतो."

"डोंगरावरून आल्यावर सांगते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मलाही ते नवीन होतं.

"कुठला डोंगर?"

"बुकिंग आहे," वहिनी म्हणाल्या.

धाकट्याच्या मनात वाईट नव्हतं, हे इथे नोंदवायला हवं. त्याचा हिशेब साधा होता. चेंबर बुडताना दिसत होतं आणि ते वाचवायचा एकच मार्ग त्याला माहीत होता. वहिनींच्या हातून चेंबर गेलं असतं तर त्या उपाशी राहिल्या नसत्या. फक्त त्यांना सकाळी उठून जायला जागा उरली नसती. हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तो आत्याला घेऊन आला. आत्या आमच्या वडिलांची बहीण, घरातल्या रीतीभातींवर शेवटचा शब्द तिचा. आमच्याकडे नियम आहे की घरात माणूस गेलं तर वर्षाच्या आत नर्मदा ओलांडायची नाही. आम्ही तापीकाठची माणसं. नर्मदेच्या पलीकडे सगळं परमुलूख. आत्याने खुर्चीवर बसून आधी पाय वर घेतले.

"वर्ष नाही झालं, पोरी," ती वहिनींना म्हणाली. "नर्मदा ओलांडायची नाही. आपल्यात नाही चालत."

"बुकिंग आहे, आत्या."

"कशाचं? फिरायचं?"

"हो."

"कुणी केलं?"

"यांनी."

"पक्कं होतं, का बघू-करू?"

"पक्कं."

धाकटा मोबाइल पाहत होता.

"मग ते त्याचं बोललेलं काम," आत्या म्हणाली. "माणूस बोलून जातो अन् काम राहतं, तर तो तिथेच घुटमळतो. तू फिरायला नाही चाललीस. त्याचं काम करायला चाललीस. कामाला बंदी नाही."

"वा," धाकटा म्हणाला. "आता दादाच्या नावाने कुणी लंडनला जाईल."

"तू गप रे. तुझं बुकिंग कुठे आहे?" मग ती वहिनींकडे वळली. "पण वाटेत देवळात नाही जायचं. अन् गोडधोड नाही खायचं."

"केळं?" मी विचारलं.

"केळं काय गोड असतं का? केळं आपलं रोजचं."

अशी परवानगी मिळाली. वहिनींनी मान हलवली. आनंद झाला असं म्हणायला काही आधार नाही.

एकटं जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून दादाच्या जागी मी जाणार असं ठरलं. ठरलं म्हणजे कुणी विचारलं नाही आणि मी नाही म्हटलं नाही. बुकिंगवर नाव बदलायचं होतं. वहिनींनी फोन स्पीकरवर ठेवून लावला. पलीकडचा माणूस तरुण होता, नम्र होता.

"सर नहीं आएंगे?"

"नहीं."

"तो कैंसल कर दूँ, मैडम?"

"नहीं. नाम बदलना है."

"बुकिंग सर के नंबर से है. एक बार सर से बात करवा दीजिए."

"मैं उन्हीं के नंबर से बोल रही हूँ," वहिनी म्हणाल्या.

मग त्याने माझं नाव विचारलं. अक्षरं सांगताना वहिनींचा आवाज बदलला नाही.

बाकीची तयारी मी हातात घेतली, कारण चौकशी करणं मला येतं. दरडींनी कोणता रस्ता बंद आहे, द्वालीच्या अलीकडचा वाहून गेलेला पूल बांधला की नुसते ओंडके टाकले आहेत, सामान उचलायला माणूस कुठून घ्यायचा, हे सगळं मी दोन वेगवेगळ्या माणसांना विचारून पक्कं केलं. डेस्कची सवय आहे, एकाच्या सांगण्यावर छापायचं नाही. ओंडके टाकले आहेत, असं दोघांनी सांगितलं. हल्ली गाडी खातीच्या बरीच जवळ जाते आणि पहिला चढ चुकवता येतो, असंही दोघांनी सांगितलं. मी ते वहिनींना सांगितलं.

"यांना धाकुडीची खिंड चालून ओलांडायची होती," त्या म्हणाल्या. विषय संपला.

गरम कपड्यांचा प्रश्न होता. भाद्रपदात बुऱ्हाणपुरात स्वेटर मागणाऱ्याकडे लोक कीव येऊन पाहतात. एका दुकानदाराने घामाने भिजलेला शर्ट दोन बोटांनी छातीपासून सोडवला आणि विचारलं, "किसके लिए, दीदी? तबीयत ठीक है?" शेवटी ट्रंकेतले जुने काढले. डांबराच्या गोळ्यांचा वास शेवटपर्यंत गेला नाही. दादाचे बूट मी घालून पाहिले. ते फार मोठे होते. वहिनींनी ते परत खोक्यात ठेवले आणि वरून सुतळी बांधली.

आम्ही दोघी आशीरगडला गेलो. वहिनी न थांबता चढल्या. मी थांबत गेले. वर तुटक्या भिंतीवर बसल्यावर खाली सातपुड्याच्या रांगा आणि मधून जाणारा रस्ता दिसत होता. मी विचारलं, "वहिनी, खरंच जायचंय ना तुम्हाला?"

"माहीत नाही, ताई," त्या म्हणाल्या. "ठरलेलं आहे ना."

मी चौकशी केली नाही ती एकाच गोष्टीची. केळीबद्दल आमच्या घरात कुणी कुणाला विचारत नाही. निघायच्या आधी वहिनींनी जसोंडीच्या एका ओळखीच्या शेतातून घड कापून आणला, दादाने सांगितला होता तसा, पुरता भरलेला पण हिरवा. चार फण्या वेगळ्या केल्या आणि जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळल्या. कोणत्या मुक्कामाची कोणती हे कागदावर लिहिलं नाही. त्यांना ते बघून कळत होतं. चेंबर त्यांनी जुन्या मुकादमावर सोपवलं आणि काही बदलू नको म्हणून सांगितलं. तिथला हातात मावणारा थर्मामीटर त्यांनी पिशवीत टाकला. का, ते मी विचारलं नाही. रोजची गोष्ट असल्यासारखा टाकला, कुणी चष्मा टाकतो तसा.

गाडी नर्मदेच्या पुलावर आली तेव्हा डब्यातल्या काही जणांनी हात जोडले. वहिनी जेवणाचा डबा बांधत होत्या. पूल संपल्यावर त्यांनी विचारलं, "गेली?"

"गेली," मी म्हटलं.

दिल्ली, मग रात्रीची गाडी, मग जीप. पहिली फणी ठरल्याप्रमाणे वाटेत पिवळी होत गेली. धाकुडीची खिंड आम्ही चालून ओलांडली. वर पोचलो आणि समोर बर्फाची सगळी रांग एकदम उभी होती, दादाने पाहिलेल्या रेघेसारखी बारीक नाही, रुंद आणि जवळ. सामान उचलणारा माणूस आम्ही काहीतरी म्हणू म्हणून थांबला होता. वहिनींनी रांगेकडे पाहिलं आणि त्याला विचारलं की विश्रामगृह किती खाली आहे.

धाकुडीला आम्ही ती फणी खाल्ली. केळी चांगली होती. खातीला दुसरी काढली. पिवळी होती, पण रंग मेलेला, गोडी कमी. वहिनींनी एकच खाल्लं. द्वालीच्या अलीकडे ओंडक्यांवरून नदी ओलांडली. खालचं पाणी दुधासारखं पांढरं आणि मोठ्या आवाजाचं होतं. त्या मुक्कामाला वहिनींनी कागद उघडला, आत पाहिलं आणि पुन्हा गुंडाळला.

"काय झालं?" मी विचारलं.

"उद्या बघू."

फुरकियाला आम्ही दुपारी पोचलो. झाडं खालीच संपली होती. खोलीत दोन खाटा, एक छोटी खिडकी. वहिनींनी दादाच्या आखणीप्रमाणे दार लावून घेतलं, कडी घातली आणि उरलेल्या दोन्ही फण्या खाटेवर काढल्या. द्वालीची राखाडी झाली होती. फुरकियाची काळी पडली होती, तव्याच्या बुडासारखी, आणि दगडासारखी घट्ट.

चौकीदार चहा घेऊन आला. त्याने केळी पाहिली.

"दीदी, ये तो गया. फेंक दूँ? इसको तो बकरी भी नहीं खाएगी."

"रुको," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून थर्मामीटर काढला आणि उशाला ठेवला. चहा संपेपर्यंत आम्ही दोघी त्याकडे पाहत बसलो. काटा उतरत जाऊन पाचाच्या खाली थांबला. बाहेर ऊन होतं.

"तेरा," वहिनी म्हणाल्या.

"काय तेरा?"

"तेराच्या खाली गेलं की केळं काळं पडतं. मग ते पिकत नाही, काही करा. धंद्यात आलेल्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात हे. यांना पाठ होतं. मला पाठ आहे."

"दार लावलं की खोली आपली, असं वाटलं यांना. जन्मभर ज्या खोलीत गेले तिला बटण होतं." त्यांनी एक केळं उचलून सोललं. साल सहज निघेना, नखाने काढावी लागली. आतला गर पांढरा होता, बटाट्यासारखा. "अन् मी पण. घड कापला, बांधला, इथवर आणला. एकदा तरी विचार करावा ना माणसाने. चेंबरमध्ये पण तेच करून राहिले मी. हे गेले त्या दिवसाचा आकडा लावून बसले आहे. माल फेल जातो ते दिसतं मला. दिसतं सगळं."

खोलीत वाऱ्याचा आवाज येत होता.

"चुकलं यांचं," त्या म्हणाल्या.

वैशाखापासून वहिनी दादाबद्दल बोलल्या ते फक्त त्याने ठरवलेल्या गोष्टी सांगण्यासाठी. त्याच्याविरुद्ध पहिलं वाक्य हे होतं. ते म्हणताना त्यांचा आवाज वर गेला, अर्ध्यावर फाटला आणि पुन्हा खाली आला. मग त्यांनी पदराने नाक पुसलं. थंडीने पुसलं की कशाने, ते मला सांगता येणार नाही.

थोड्या वेळाने त्यांनी दार उघडून चौकीदाराला हाक मारली.

"भैया, कढाई है?"

स्वयंपाकघरात त्यांनी दोन्ही फण्या सोलल्या आणि चकत्या केल्या. मोहरीचं तेल, मीठ, हळद, लाल मिरची. बुऱ्हाणपुरात कच्च्या केळ्याच्या काचऱ्या कोणत्याही घरात होतात. काळी साल चुलीशेजारी ढीग होऊन पडली होती. चौकीदाराने उभ्याउभ्या एक घास खाल्ला.

"आलू है?"

"केला," वहिनी म्हणाल्या.

"वही वाला?"

"वही वाला."

त्याने आणखी मागून घेतलं. आम्हीही पोटभर खाल्लं. सकाळी पुढे जाऊन हिमनदी पाहिली. तिचं वर्णन इतरांनी भरपूर केलं आहे. वहिनी तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "ढग नव्हते ते. चहावाला बरोबर होता." परत येताना त्या माझ्या पुढे चालत होत्या आणि वळणावर थांबून माझी वाट पाहत होत्या. जाताना तसं थांबल्या नव्हत्या.

खाली गाडीरस्त्याला लागल्यावर फोनला रेंज आली. वहिनींनी दगडावर बसून धाकट्याला फोन लावला. स्पीकर चालूच होता, तो बंद करायचं त्यांना कधी सुचत नसे.

"झालं का, वहिनी? सगळं ठीक?"

"झालं. भाऊजी, छठचा माल मी भरणार."

पलीकडे कुणाचा तरी हॉर्न वाजला.

"अन् मंडी? मंडीत कोण जाईल?"

"मी जाईन. शिव्या मला पण येतात थोड्या. तुमच्या दादांकडूनच शिकले."

"बरं," तो म्हणाला. "बरं. मग ट्रक?"

"ट्रक तुमचेच. पण वेळेवर पाहिजेत."

"आमचे ट्रक कधी लेट झाले?"

"नेहमी होतात. हे सांगायचे नाहीत तुम्हाला. मी सांगून राहिले."

धाकटा यावर काय बोलला ते नीट ऐकू आलं नाही, रेंज गेली. वहिनींनी फोन पदराला पुसून पिशवीत टाकला.

बुऱ्हाणपूरला उतरल्यावर त्या आधी घरी आल्या नाहीत. स्टेशनवरून रिक्षा सरळ जसोंडीच्या रस्त्याला घ्यायला सांगितली. मुकादम पहिल्या खोलीच्या दाराशी उभा होता. त्याने सांगितलं, "काहीच बदललं नाही, भाभी. जसं होतं तसंच आहे."

"हो," वहिनी म्हणाल्या. बूट वाजवत त्या आत गेल्या, थोडा वेळ घडांसमोर उभ्या राहिल्या, एक फणी हातात घेऊन देठ पाहिला. मग बाहेर आल्या आणि बटणापाशी जाऊन दादाने लावलेला आकडा वर घेतला. तिथून दुसऱ्या खोलीकडे गेल्या.